मध अस्सल असेलही, पण चमचे किती?

फोंडा तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून त्याचा सारांश देते.

घरात सासू-सासरे, ताई, त्यांचे यजमान आणि दहा वर्षांची मुलगी. दोन वर्षांपूर्वी सासऱ्यांना मधुमेह निघाला. गेल्या गणेश चवथीनंतर ताईंनी पुढाकार घेऊन घरातली साखर बंद केली आणि चहापासून शिऱ्यापर्यंत सगळीकडे मध सुरू केला. मध घेतात तो सत्तरी तालुक्यातून दर उन्हाळ्यात दारावर येणाऱ्या एका ओळखीच्या काकांकडून, जुन्या बाटल्यांत भरलेला. यंदा मे महिन्यात घेतलेल्या बाटल्यांच्या तळाशी पावसाळ्यात पांढरट दाणेदार थर बसला. सासूबाई म्हणाल्या, साखरेचा पाक गळ्यात मारला. मुलीने मोबाईलवर बघून पाण्याच्या ग्लासात मध सोडून पाहिला, तो थोडा विरघळला. मागच्या महिन्यात काका भिरंडाची (कोकमाची) सोलं घेऊन आले तेव्हा ताईंनी शेजाऱ्यांसमोरच त्यांना सुनावलं. ते काही न बोलता निघून गेले. त्यातच सासऱ्यांचा तीन महिन्यांच्या साखरेचा रिपोर्ट आला, 7.4 वरून 8.1. ताई विचारतात: खरा मध ओळखायचा कसा? भेसळीच्या मधामुळेच शुगर वाढली का? मोठ्या कंपनीचा मध आणू की पुन्हा साखर सुरू करू? चवथीला नणंद आठ महिन्यांच्या बाळाला घेऊन येते आहे, सासूबाईंना त्याला मध चाटवायचा आहे, त्यासाठी तरी घरात शुद्ध मध हवा. ताजा कलम: यजमानांना कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, मधमाश्यांची पेटी ठेवायची आहे, ठेवू का?

ताई,

तुमच्या प्रश्नांचा क्रम मी बदलते. तुम्ही भेसळीपासून सुरुवात केली आहे आणि बाळाचा उल्लेख जाता जाता केला आहे. मला पत्रातली सर्वांत काळजीची ओळ तीच वाटली.

बारा महिने पूर्ण होईपर्यंत बाळाला मध द्यायचा नाही. बोटाच्या टोकावर नाही, सोन्याच्या अंगठीला लावून नाही, पंचामृतातून नाही, नाचणीच्या सत्त्वात कालवून नाही. मध कितीही शुद्ध असला तरी नाही. तुम्ही शुद्ध मध शोधताय म्हणून हे स्पष्ट सांगते, कारण इथे धोका भेसळीचा नाहीच. निखळ रानमधातही क्लोस्ट्रिडियम बॉट्युलिनम नावाच्या जंतूचे बीजाणू असू शकतात. ते माती-धुळीत असतात, तिथून पोळ्यात येतात. मोठ्या माणसाच्या आतड्यात आधीच इतर जंतूंची दाट वस्ती असते, त्यामुळे हे बीजाणू तिथे रुजत नाहीत. तान्ह्या बाळाच्या पोटात ती वस्ती अजून बसायची असते. तिथे ते रुजतात, वाढतात आणि जे विष तयार करतात ते स्नायू लुळे पाडतं. सुरुवात बहुधा बद्धकोष्ठाने होते. मग रडण्यातला जोर जातो, दूध ओढता येत नाही, पापण्या जड होतात, मान आणि हातपाय सैल पडतात. असं क्वचितच घडतं, पण घडलं तर बाळाला अतिदक्षता विभागात ठेवावं लागतं. घरी मध उकळून काही साधत नाही, हे बीजाणू उकळत्या पाण्याला दाद देत नाहीत.

सासूबाई म्हणतील, आमची सगळी मुलं मध चाटूनच वाढली. त्या खोटं सांगत नाहीत, आणि त्यावर वाद घालून तुम्ही जिंकणारही नाही. सुनेने सासूला तिच्याच नातवंडाबद्दल शहाणपण शिकवू नये, असं अजून आपल्याकडे बऱ्याच घरांत मानतात. त्यामुळे हे काम नणंदेवर सोडा. बाळ तिचं आहे. तिने येण्याआधी बाळाच्या डॉक्टरांना विचारावं आणि आईला फोनवर सांगावं, "डॉक्टर वर्षापर्यंत नको म्हणालेत." शब्द डॉक्टरांचा, निरोप लेकीचा. सोबत सासूबाईंच्या हाताला एक काम द्या: बाळाच्या पहिल्या वाढदिवसानंतर मधाचं पहिलं बोट त्यांनीच चाटवायचं. तोपर्यंत चवथीचं पंचामृत बाळाच्या ओठाला कुणी लावत नाही ना, यावर घरातल्या एकाने लक्ष ठेवायचं. आरतीनंतरच्या गर्दीत कुणीतरी मावशी कौतुकाने बोट पुढे करतेच.

आता सासऱ्यांचा रिपोर्ट.

तुमच्या पत्रात एक गृहीतक आहे आणि ते तुमचं एकटीचंच नाही, निम्म्या गोव्याचं आहे: साखर वाईट, मध चांगला, त्यामुळे मध घेऊनही शुगर वाढली तर तो मध खोटाच असणार. मी उलट म्हणेन. तुमचा मध शंभर टक्के खरा असला तरी हा रिपोर्ट असाच आला असता. मधात साधारण ऐंशी टक्के साखरच असते. त्यात फ्रुक्टोज जास्त, त्याखालोखाल ग्लुकोज. उरलेलं बहुतेक पाणी. खनिजं, जीवनसत्त्वं, सुगंधी द्रव्यं आहेत, पण चहाच्या चमच्यात ती इतकी थोडी असतात की त्यांच्यासाठी मध खाणं हिशेबात बसत नाही.

हिशेबच करू. साखरेचा सपाट चमचा सुमारे 4 ग्रॅमचा. मध जड असतो, तोच चमचा मधाने भरला तर 7 ग्रॅम, आणि त्यात साडेपाच ग्रॅमच्या वर साखर. म्हणजे चमच्यास चमचा बदलला तर पोटात साखर जास्तच जाते. रक्तातली साखर मधाने जराशी सावकाश चढते हे खरं, पण फरक थोडा आहे आणि कोणत्या फुलांचा मध यावर तो बदलतो.

तुम्ही लिहिलंय की मधुमेह निघाल्यावर सासरे दिवसाला दोनच चहा घ्यायचे, तेही अर्धा चमचा साखर घालून. म्हणजे दिवसाकाठी 4 ग्रॅम. मध सुरू झाल्यावर चहा चार झाले, प्रत्येकात चमचाभर मध, आणि सकाळी उपाशीपोटी कोमट पाण्यात लिंबासोबत दोन चमचे. हे सहा चमचे म्हणजे 42 ग्रॅम मध, त्यात चौतीस ग्रॅमच्या आसपास साखर. शिरा आणि खीर मी धरलेलीच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 साली जी मार्गदर्शक तत्त्वं दिली, त्यांत मधालाही साखरेच्याच रांगेत बसवलं आहे आणि निरोगी माणसानेही शक्यतो दिवसाला 25 ग्रॅमच्या आत राहावं असं सुचवलं आहे.

इथे मला वाटतं खरी गोष्ट घडली ती डब्यात नाही, मनात. साखर होती तेव्हा सासऱ्यांना तिची भीती होती आणि ती भीती त्यांना सांभाळत होती. मध आला आणि भीती गेली. "हे तर औषध" म्हणून त्यांनी चहा वाढवला, तुम्हीही प्रेमाने ओतत राहिलात. ज्या घरात साखर "बंद" केली जाते त्या अनेक घरांत असंच होतं, फक्त कुठे मधाच्या जागी माडाचा गूळ असतो, कुठे खजूर.

गोव्यात हे हलक्याने घेण्यासारखं नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2023 साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचं सर्वाधिक प्रमाण गोव्यात निघालं, प्रौढांमध्ये 26.4 टक्के. दर चार मोठ्या माणसांत एक. तेव्हा सासऱ्यांच्या डॉक्टरांना पुढच्या भेटीत हे चमचे मोजून सांगा. डॉक्टर "गोड खाता का?" विचारतात, आपण "साखर बंद आहे" म्हणतो, आणि ते औषधाचा डोस वाढवतात. मधाचं नाव त्या खोलीत निघतच नाही. 8.1 मागे आणखीही कारणं असू शकतात, भात, चालणं, गोळ्या चुकणं, ती त्यांनाच शोधू द्या.

सासऱ्यांचा मध एकदम तोडू नका. एकदम तोडलेलं गोड चोरून परत येतं, दुपारी बाजारात हॉटेलात बसून. सकाळचं लिंबू-मध पाणी आधी बंद करा, त्याने चरबी वितळत नाही. पाणी आणि लिंबू चालू ठेवा, मध काढा. चहा पुन्हा दोनावर आणा आणि दर आठवड्याला चमचा थोडा थोडा उणा करत न्या. जीभ कमी गोडाला सरावते, फक्त तिला घाई आवडत नाही. डॉक्टरांनी परवानगी दिली तर दिवसाचा एक चमचा मध त्यांच्या आवडीच्या जागी ठेवा. एक अपवाद मात्र लक्षात असू द्या: गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्या माणसाची साखर अचानक खाली आली, घाम, थरथर, गोंधळल्यासारखं झालं आणि तो शुद्धीवर असून गिळू शकत असला, तर जेवणाच्या मोठ्या चमच्याने एक चमचा मध उपयोगी पडतो. तेव्हा मध साखर आहे हाच त्याचा गुण. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका, सरळ दवाखाना.

आता ती बाटली. तळाशी दाणे बसणं हा भेसळीचा पुरावा नाही. बहुतेक खरा मध कधी ना कधी साखरतो. मधात पाणी थोडं आणि साखर इतकी जास्त असते की ती त्यात कशीबशी विरघळून राहिलेली असते. त्यातलं ग्लुकोज संधी मिळाली की बाहेर पडतं आणि परागाच्या कणाभोवती, मेणाच्या कणाभोवती स्फटिक धरतं. ज्या मधात ग्लुकोज जास्त तो लवकर साखरतो, फ्रुक्टोज जास्त तो वर्षभर पातळ राहतो. मध सर्वांत लवकर साखरतो तो 10 ते 15 अंशांच्या आसपास. तुम्हीच लिहिलंय की मुंग्यांमुळे सासूबाईंनी बाटल्या फ्रिजच्या दारात ठेवल्या. दिवसातून सहा वेळा ते दार उघडतं. काकांनी काही केलं नसेल, ताई, तुमच्या फ्रिजने केलं असेल.

मध फ्रिजमध्ये ठेवायचा नाही. काचेच्या बाटलीत, घट्ट झाकणाने, गॅसपासून लांब. मुंग्यांसाठी बाटली पाण्याच्या ताटलीत उभी करा. साखरलेला मध तसाच पोळीला लावून खाता येतो, मला तर तो दाणेदारच आवडतो. पातळ हवा असेल तर बाटली हात बुडवता येईल इतक्या कोमट पाण्यात तासभर ठेवा, पाणी निवलं की बदला. गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये नको. फार तापवला तर वास उडतो, रंग काळवंडतो आणि हायड्रॉक्सीमिथाइलफरफ्युरल नावाचं द्रव्य वाढतं. त्याच्या प्रमाणावरून प्रयोगशाळेत मध जुना किंवा तापवलेला आहे का ते पाहतात. चरकसंहितेतही मध गरम करून घेऊ नये असं म्हटलं आहे. म्हणून चहात घातलेला चमचा विष झाला असं नाही, पण ज्या सुगंधासाठी पैसे मोजले तो वाफेबरोबर जातो.

बाटलीला पावसाळ्यात वेगळाही रोग होतो आणि त्याची दखल घ्यायला हवी. मध हवेतलं पाणी ओढतो. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे मीठ पाणी सुटून ओलं होतं, तर झाकण सैल राहिलेल्या मधाचं काय होत असेल! ओलावा वीस टक्क्यांच्या वर गेला की यीस्ट जागी होते. वर फेस, आंबूस वास, झाकण उघडताना फुस्स आवाज. आपल्या सातेरी माशीचा मध आधीच जरा पातळ असतो, त्यात माश्यांनी मेणाने अजून न मिटवलेल्या घरांचा मध काढला किंवा अळ्यांसकट पोळं पिळलं तर तो महिन्या-दोन महिन्यांत आंबतो. ही भेसळ नव्हे, हलगर्जी काढणी आहे. तुमच्या पत्रात फेसाचा, वासाचा उल्लेख नाही, त्यामुळे तुमचा मध मला तरी ठीक वाटतो.

मग खरा मध ओळखायचा कसा? घरच्या घरी ओळखता येत नाही. पाण्यात सोडणं, काडी पेटवणं, टीपकागदावर थेंब, अंगठ्यावर थेंब, कुत्रा तोंड लावतो का, मुंगी येते का, या सगळ्या परीक्षांत मध दाट आहे का एवढंच कळतं, आणि कुत्र्यामुंगीच्या परीक्षेत तेवढंही नाही. दाट पाक त्या सगळ्या पास होतो आणि तुमच्या सातेरीचा पातळ, अस्सल मध नापास होतो. मुलीला हे जरूर सांगा, तिने प्रयोग केला हे चांगलंच केलं, फक्त निष्कर्ष चुकला.

"मोठ्या कंपनीचा आणू का?" याला माझं उत्तर आहे: आणा, पण नाव मोठं म्हणून नव्हे. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने डिसेंबर 2020 मध्ये बाजारातल्या 13 ब्रँडचा मध जर्मनीतल्या प्रयोगशाळेत न्यूक्लिअर मॅग्नेटिक रेझोनन्स या भेसळ पकडणाऱ्या तपासणीला पाठवला होता. 3 च ब्रँड त्यात उतरले. कंपन्यांनी हा निष्कर्ष मानला नाही, पण चर्चेतून एक गोष्ट सगळ्यांना समजली: तांदळासारख्या पदार्थांपासून असे पाक बनवता येतात की ते नेहमीच्या चाचण्यांना चकवतात. अर्थ इतकाच की कंपनीचा मध म्हणजे खरा आणि दारावरचा म्हणजे खोटा, हेही गृहीतक टिकत नाही, आणि उलटंही टिकत नाही. लेबलवर अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा चौदा अंकी परवाना क्रमांक, भरल्याची तारीख आणि मध कुठला ते बघा. अॅगमार्क असेल तर बरं.

फार शंका असेल तर तपासून घ्यायचा रस्ता आहे. अन्न सुरक्षा व मानके कायदा, 2006 च्या कलम 40 प्रमाणे साधा ग्राहकसुद्धा फी भरून अन्न विश्लेषकाकडून नमुना तपासून घेऊ शकतो. गोव्यात बांबोळीला अन्न व औषध प्रशासनाचं कार्यालय आहे, तिथे चौकशी करा. एका बाटलीसाठी एवढा खटाटोप कुणी करणार नाही हे मला माहीत आहे. पण चार-पाच घरांनी मिळून एकाच माणसाकडून वर्षाचा मध घेतला तर तो परवडतो.

त्यापेक्षा विकणाऱ्याशी बोलणं जास्त कामाचं. कोणत्या महिन्यात काढला? आपल्याकडे घाटाच्या पायथ्याशी मधाचा हंगाम साधारण फेब्रुवारी ते मे. भर पावसात "कालच काढलेला रानचा मध" कुणी देऊ लागलं तर भुवया वर जायला हव्यात, तेव्हा माश्यांनाच खायला नसतं. पेटीतला की रानातला, यंत्राने काढला की पोळं पिळून, सातेरीचा की आग्या मोहोळाचा? खरा माणूस या प्रश्नांना कंटाळत नाही, उलट खुलतो आणि तुमचा अर्धा तास खातो. किमतीची तुलना करतानाही एक लक्षात ठेवा: मध पाण्याच्या जवळजवळ दीडपट जड. 750 मिलीची बाटली गळ्यापर्यंत भरली तर त्यात किलोहून थोडा जास्त मध असतो. दुकानातल्या किलोच्या बरणीशी तिची तुलना करा, पाऊण किलोच्या बरणीशी नको.

काकांना फोन करा, ताई. तुमच्याकडे नंबर नसेल तर त्यांच्या वाड्यावर ओळखीच्या कुणाकडून निरोप धाडा. फार लांबण नको: "मध थंडीने साखरला होता, मला माहीत नव्हतं, मी उगाच बोलले." शेजाऱ्यांसमोर बोललात, तर शेजाऱ्यांनाही एकदा सांगा. दारावर मध विकणाऱ्याची सगळी दुकानदारी त्याच्या नावावर चालते आणि एका अंगणात गेलेलं नाव चार अंगणांत जातं. पुढच्या उन्हाळ्यात ते आले तर वरचे प्रश्न विचारा, यावेळी आरोप म्हणून नव्हे. आणि ते आले नाहीत तर तोही त्यांचा हक्क आहे.

स्वयंपाकघराचं सांगते आणि इथे माझं मत जरा ठाम आहे. मध शिजवण्यात वाया जातो. शिरा, खीर, चहा, यांत तो फक्त महागडी साखर होतो. पातोळ्यांच्या चुनात (गूळ-खोबऱ्याच्या सारणात) गुळाऐवजी मध घालायचा विचारही करू नका, तो ओल धरतो, चून सैल राहतं आणि हळदीच्या पानात सगळं पाझरतं. तिथे गूळच. तिजाणाला, म्हणजे नाचणीच्या खिरीला, माडाचा गूळ शोभतो, त्याची धुरकट चव मधाला येणार नाही. मध तिथे वापरावा जिथे तो मध म्हणून जिभेला कळतो: गरम पोई-पावावर लोण्याबरोबर, घावनावर, दह्यात, पिकल्या केळ्यावर. भिरंडाच्या थंड सरबतात तो फार छान लागतो आणि थोडाच पुरतो, कारण फ्रुक्टोजची गोडी थंड पदार्थात जास्त जाणवते. आधी थोड्या कोमट पाण्यात फोडून घ्या, नाहीतर तळाशी गोळा होऊन बसतो. केक करायची हौस असेल तर वाटीभर साखरेला पाऊण वाटी मध, दूध-पाणी थोडं कमी, चिमूटभर खायचा सोडा आणि ओव्हन पंधरा अंशांनी कमी, मधाचा केक लवकर करपतो.

या पद्धतीने वापरलात तर पाच माणसांच्या घराला एक बाटली दोन-तीन महिने सहज पुरेल. बाकी गोडासाठी साखर परत आणा, लहान डब्यात, मोजून. साखर घरात असणं हा पराभव नाही. तुम्ही वर्षभर जे केलंत ते सासऱ्यांच्या काळजीपोटी केलंत, हे घरातल्यांना दिसलं असेलच, तेव्हा "माझा मध फसला" असं मनाला लावून घेऊ नका.

मुलीला पावसाळ्यात खोकला झाला तर रात्री झोपताना एक चमचा मध द्यायला हरकत नाही. वर्षाच्या पुढच्या मुलांच्या साध्या खोकल्याला त्याने आराम पडतो, हे डॉक्टरही मान्य करतात. पण नंतर चूळ भरायला लावा, मध दातांना चिकटून राहतो आणि दात किडवायला साखरेइतकाच पुरतो. पंचामृतात मध आणि तूप सारखं नको हा जुना संकेत पाळायचा असेल तर मध थोडा कमी घाला, चवही तशीच बरी लागते.

यजमानांच्या पेटीला माझा होकार आहे, दोन अटींवर. पहिली, आधी शिकून घ्यायचं. जुन्या गोव्यातल्या कृषी विज्ञान केंद्रात प्रशिक्षणाची चौकशी करा, दक्षिणेकडच्यांना मडगावचं आहे. पेटी सातेरीची घ्या, ती आपल्याच हवेतली. आणताना वसाहत भरलेली, राणीसकट आणि ओळखीच्या पाळणाऱ्याकडून आणा. स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, नाहीतर मुंग्या आधी पोचतील. पोफळींवर औषध फवारायचं त्या दिवसाचा विचार आधीच करून ठेवा. सातेरी रुसकी असते. खाणं संपलं, मेणकिड्याने सतावलं की पेटी रिकामी टाकून जाते. म्हणून पावसाळ्यात पेटीतला मध कमी पडला तर तिला साखरेचं पाणी पाजावं लागतं. हो, साखरेचं. बरेच पाळणारे पाजतात, त्यात लबाडी नाही. लबाडी होते ती पाजणं चालू असताना भरलेल्या चौकटींतला मध काढून विकला तर.

दुसरी अट, पहिल्या वर्षी मध काढायचा नाही. पहिला पावसाळा त्यांना त्यांच्याच मधावर काढू द्या. यजमान कुरकुरतील. तोवर काकांचा मध आहेच, त्यांनी द्यायचं कबूल केलं तर.